कोलेस्टेरॉलची गोळी आणि भरून आलेल्या पोटऱ्या

कापसाची वेचणी सुरू झाली की माझ्या दुकानाच्या काउंटरवर एक प्रश्न दर आठवड्याला येतो. "पोटऱ्या भरून येतात जी. हे कोलेस्ट्रालची गोळी बंद करू का?" विचारणाऱ्याने गोळी बहुतेक वेळा आधीच बंद केलेली असते. कोणीतरी 'हो' म्हणावं, एवढंच त्याला हवं असतं. दुसरा प्रश्न याच्या उलट बाजूचा: "रिपोर्ट त नार्मल आला, आता काहून घेऊ?"

हा घोळ सगळीकडेच आहे, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पांढरकवड्यात तो जास्त होतो, याचं कारण भूगोलात आहे. हृदयाचा डॉक्टर दीडशे किलोमीटरवर नागपूरला. शुगरचा यवतमाळला. कोणी सावंगी मेघेला दाखवलेलं असतं, तर पाटणबोरीकडची मंडळी पैनगंगा ओलांडून आदिलाबादला जातात. ताप-खोकल्याला गावातला दवाखाना आहेच. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी, आणि सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून बघणारा कोणी नाही. मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही. तुमचा डोस मी ठरवणार नाही. पण काय तपासायचं, कोणाला काय विचारायचं आणि कुठे धावत सुटायचं, एवढं सांगता येईल.

आधी पत्त्यावरचं बारीक नाव वाचा

गोळ्यांच्या पत्त्यावर मोठ्या अक्षरांत कंपनीने ठेवलेलं नाव असतं. ते सोडून द्या. त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं. चष्मा लावून किंवा नातवाला सांगून ते वाचून घ्या. त्यात 'स्टॅटिन'ने संपणारं नाव असेल (अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, क्वचित सिमव्हास्टॅटिन किंवा पिटाव्हास्टॅटिन), तर ती कोलेस्टेरॉलची गोळी. आकडा मिलिग्रॅमचा.

आता घरातले सगळे पत्ते समोर मांडा. तीन गोष्टी सापडू शकतात.

- एकच औषध दोनदा. नागपूरहून 'इकोस्प्रिन एव्ही' लिहून दिलेली असते. तिच्यात अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दोन्ही असतात. यवतमाळच्या चिठ्ठीवर आणखी एक अ‍ॅटोरव्हास्टॅटिन असते, वेगळ्या नावाची. माणूस इमानदारीने दोन्ही घेतो आणि डोस दुप्पट होतो. पाय दुखतात ते दुखतातच.
- एका गोळीत दोन-तीन औषधं. नावाच्या शेवटी 'एव्ही', 'गोल्ड', 'एफ' अशी शेपटी दिसली की थांबा. आत अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा फेनोफायब्रेट असू शकतं.
- जुन्या डोसचा उरलेला पत्ता. डॉक्टरांनी ४० ची २० केली, पण घरातल्या ४० च्या 'वाया जाऊ नयेत' म्हणून सुरू राहिल्या.

यातला दुसरा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. ज्यांच्या हृदयात स्टेंट बसवला आहे, त्यांनी 'कोलेस्टेरॉलची गोळी' समजून असा पत्ता बंद केला, तर त्यासोबत रक्त पातळ ठेवणारं औषधही बंद होतं. स्टेंट टाकल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असं झालं, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. पाय दुखण्यावरचा उपाय एवढा महाग पडू देऊ नका.

गोळी कशासाठी, थोडक्यात

रिपोर्टचा आकडा सुंदर दिसावा म्हणून ही गोळी नसते. ती झटका आणि लकवा टाळण्यासाठी असते. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ३९ ने (मिलिग्रॅम/डेसिलिटर) उतरलं की हृदयविकार-पक्षाघाताचे मोठे प्रसंग एक पंचमांशाने कमी होतात, असं मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं आहे. 'द लॅन्सेट'ने २०१६ मध्ये दिलेला हिशेब असा: आधीच हृदयविकार असलेल्या १०,००० जणांनी चांगल्या मात्रेत पाच वर्षं गोळी घेतली, तर सुमारे १,००० जणांचे झटके वगैरे टळतात. त्याच १०,००० मध्ये स्नायूंचा गंभीर विकार साधारण पाच जणांना होतो आणि ५० ते १०० जणांना नव्याने मधुमेह होतो. ज्यांना अजून काहीच झालेलं नाही, पण धोका जास्त आहे, त्यांच्यात फायदा साधारण निम्मा.

म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे आला. गोळी बंद केली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा मूळच्या जागी जातो. शिवाय रिपोर्टवर छापलेलं 'नॉर्मल' तुमच्यासाठी नॉर्मल असेलच असं नाही. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात सर्वसाधारण माणसाचं एलडीएल १०० च्या खाली, जास्त धोका असलेल्याचं ७० च्या खाली आणि अति धोका असलेल्याचं ५५ च्या खाली ठेवायला सांगितलं आहे. झटका येऊन गेलेला माणूस शेवटच्या गटात मोडतो.

दुखणं गोळीचं की वेचणीचं?

तुमचं दुखणं खरं आहे. ते मनाचं आहे असं कोणी म्हणालं, तर ऐकून घेऊ नका. पण दोष गोळीचाच आहे का, हे तपासायची रीत आहे.

गोळीमुळे होणारं दुखणं साधारण असं असतं:

- दोन्ही बाजूंना सारखं. दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या, दोन्ही खांदे.
- सांध्यात नाही, मांसात. जड, ठणकल्यासारखं, कधी ताकदच गेल्यासारखं. उकिडवं बसून उठवत नाही, एसटीची पायरी चढताना दांडी धरावी लागते.
- गोळी सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून चार ते बारा आठवड्यांत सुरू झालेलं.
- गोळी थांबवल्यावर दोन ते चार आठवड्यांत कमी होणारं आणि पुन्हा सुरू केल्यावर परत येणारं.

एकच गुडघा, एकच खांदा, कमरेतून एका पायात उतरणारी कळ, तळपायाची आग आणि मुंग्या यांची कारणं बहुधा दुसरीकडे असतात. पाच वर्षं गोळी सुखाने चालली आणि याच कार्तिकात पाय धरले, तर गेल्या महिन्यात काय बदललं ते आठवा. दिवसभर वाकून वेचणी, डोक्यावर गाठोडं. किंवा पावसाळ्यात येऊन गेलेला चिकनगुनिया, ज्याचे सांधे महिनोन्‌महिने बोलतात.

आणि एक गोष्ट आपल्या जिल्ह्याने विसरू नये. फवारणी करून आल्यावर हातपाय गळाले, दरदरून घाम सुटला, धूसर दिसू लागलं, स्नायू फडफडू लागले, तर ते गोळीचं समजून घरी झोपू नका. ती विषबाधा असू शकते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हाही पहिल्या दिवशी पुष्कळांना साधा थकवाच वाटला असणार.

आता थोडे आकडे. सुमारे सव्वा लाख लोकांच्या चाचण्या एकत्र करून २०२२ मध्ये पाहिलं, तेव्हा स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के आणि नुसती पिठाची गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी स्नायू दुखत असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे दुखणारे पुष्कळ, पण गोळीमुळे दुखणारे थोडे. पहिल्या वर्षात दर हजारी साधारण ११ जणांचं जास्तीचं दुखणं गोळीचं धरता येतं. ते ११ जण आहेतच, हेही तितकंच खरं.

लंडनमधला 'सॅमसन' नावाचा प्रयोग मला फार आवडतो. त्रास झाला म्हणून गोळी सोडलेले ६० जण घेतले. त्यांना वर्षभरासाठी बाटल्या दिल्या: चार महिने खरी गोळी, चार महिने खोटी, चार महिने रिकामी बाटली, क्रम कसाही. रोजचा त्रास १०० पैकी किती, हे ते फोनवर नोंदवत. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४, खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. त्रास खराच होता, पण त्याचा मोठा भाग 'गोळी घेतली' या धास्तीतून येत होता. हे स्वतःच्या आकड्यांत बघितल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. शेजाऱ्याने "ह्या गोळीनं पाय जाते" म्हटलेलं ऐकून दुसऱ्या दिवसापासून दुखायला लागणं म्हणजे हेच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तेव्हा करायचं काय?

१. आठ दिवस वहीत लिहा: कुठे दुखतं, कधी, त्या दिवशी काम काय केलं.

२. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवा. नागपूरला लगेच जाणं होत नसेल, तर उपजिल्हा रुग्णालयात किंवा गावातल्या डॉक्टरांना वही आणि सगळे पत्ते दाखवा.

३. सीपीके (स्नायूंची), टीएसएच (थायरॉइडची), व्हिटॅमिन डी आणि किडनीची तपासणी लागेल का, ते विचारा. थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉलही वाढतं आणि पायही दुखतात. अशा वेळी गोळी बदलून उपयोग नाही, थायरॉइडचा इलाज करावा लागतो. बायकांच्या बाबतीत हे हमखास राहून जातं.

४. सीपीकेच्या आधी दोन-तीन दिवस अंगमेहनत टाळा आणि कमरेत-दंडात इंजेक्शन घेऊ नका. वेचणीवरून थेट लॅबमध्ये गेलात, तर आकडा नुसत्या कामानेच फुगलेला येतो.

५. सीपीकेचा आकडा नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या चौपटीच्या आत असेल, तर सहसा घाबरायचं कारण नसतं. दहापटीच्या वर असेल, तर गोळी त्याच दिवशी थांबते.

६. डॉक्टर म्हणाले, तर दोन ते चार आठवडे गोळी थांबवून बघतात आणि पुन्हा सुरू करून ताडतात. नुकताच झटका आलेल्यांनी किंवा स्टेंट बसवलेल्यांनी हा प्रयोग आपल्या मनाने करू नये.

या एका बाबतीत वाट बघू नका

अंग भयंकर दुखतंय, उठवत नाही आणि लघवी काळ्या चहासारखी गडद होतेय, असं असेल तर गोळी लगेच थांबवा आणि त्याच रात्री रुग्णालय गाठा. स्नायू विरघळून त्यांचा कचरा किडनीत अडकतो, तेव्हा असं होतं. हे फार दुर्मीळ आहे; वर्षाला लाखात एक ते तीन जण. पण ज्याला झालं त्याच्यासाठी तास मोजावे लागतात. १०८ ला फोन करा, सोबत सगळे पत्ते न्या. डोळे-लघवी पिवळी होणं, किंवा गोळी सुरू झाल्यावर अंगावर गांध्या येऊन ओठ-चेहरा सुजणं, यालाही तीच घाई.

दुसऱ्या चिठ्ठीवरचं औषध

माझ्या मते पांढरकवड्यातला खरा धोका इथे आहे. स्टॅटिन एकटी असली की बहुतेकांना मानवते. बिघडतं ते दुसऱ्या गावच्या चिठ्ठीवरचं औषध येऊन मिळाल्यावर. १९९० च्या दशकात आलेली सेरिव्हास्टॅटिन नावाची गोळी २००१ मध्ये जगभरातून मागे घ्यावी लागली. स्नायू विरघळून माणसं दगावली होती आणि त्यांतले पुष्कळ जण सोबत जेम्फिब्रोझिल घेत होते. म्हणून नवं औषध लिहून देणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य सांगाच: "मी कोलेस्टेरॉलची गोळी घेतो." विशेषतः पुढची औषधं असतील तेव्हा:

- गजकर्णाच्या गोळ्या, म्हणजे इट्राकोनॅझोल. ओल्या कपड्यांत काम करणाऱ्यांना पावसाळ्यात नायटा होतो आणि महिना-दोन महिने ही कॅप्सूल चालते. तिच्यामुळे अ‍ॅटोरव्हास्टॅटिन रक्तात साचते. सिमव्हास्टॅटिनसोबत तर ती चालतच नाही.
- क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन. खोकल्या-घशाची अँटिबायोटिक्स. पाच-सात दिवसांचाच कोर्स असेल, तर तेवढे दिवस कोलेस्टेरॉलची गोळी थांबवायची का, ते डॉक्टरांना विचारा.
- जेम्फिब्रोझिल. ट्रायग्लिसराइडसाठी देतात. स्टॅटिनसोबत टाळायचं. फेनोफायब्रेट त्यामानाने बरं, तरी देखरेखीतच.
- कोल्चिसिन (गाऊटसाठी), डिल्टियाझेम, व्हेरापामिल (हृदय-बीपीसाठी). डॉक्टरांना माहीत असलं पाहिजे.
- रिफाम्पिसिन. टीबीचं औषध. हे उलटं काम करतं. गोळीचा जोर कमी होतो. टीबीचं औषध कधीही सोडायचं नाही, फक्त दोन्ही डॉक्टरांना कळवायचं.
- गॅसचं गुलाबी-पांढरं पातळ औषध. रोसुव्हास्टॅटिनसोबत लगेच घेतलं, तर गोळीतलं निम्मं औषध अंगी लागत नाही. मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा.

मोहाची असो की दुकानातली, दारू यकृत आणि स्नायू दोघांनाही दमवते. रोज घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. वजन-कोलेस्टेरॉल उतरवणारी 'नैसर्गिक' पावडर कोणी दिली, तर तिच्या डब्यावर 'रेड यीस्ट राइस' लिहिलंय का ते बघा. लाल बुरशीच्या त्या तांदळात निसर्गतःच स्टॅटिन असतं. म्हणजे पुन्हा दुहेरी डोस.

वय ७५ च्या पुढे, अंगाने बारीक, किडनी अधू किंवा थायरॉइड मंद असेल, तर कमी मात्रेतही त्रास होऊ शकतो. रोसुव्हास्टॅटिनचं आणखी एक: आशियाई लोकांच्या रक्तात ती गोऱ्या लोकांपेक्षा साधारण दुप्पट साचते. अमेरिकेतल्या माहितीपत्रकातच आशियाईंना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात सुचवली आहे. चाळीस किलोच्या आजीच्या चिठ्ठीवर रोसुव्हास्टॅटिन ४० दिसली, तर "ही मात्रा मुद्दाम दिली आहे ना?" एवढं विचारणं हा आगाऊपणा नाही.

साखर, यकृत आणि विसरभोळेपणा

साखर थोडी वाढते, हे खरं. २०१० च्या एका अभ्यासात २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली, तर एकाला जास्तीचा मधुमेह होतो, असं निघालं. मोठ्या डोसला प्रमाण जास्त. होतो तोही बहुतेक अशांना, जे आधीच काठावर उभे असतात. म्हणून सुरू करताना एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) बघा आणि वर्षातून एकदा पुन्हा. आधीच मधुमेह असलेल्यांनी या भीतीने गोळी सोडणं म्हणजे विंचवाला भिऊन सापाच्या बिळात हात घालणं. मधुमेह्याला झटक्याचा धोका मुळातच जास्त असतो.

यकृताचा एसजीपीटी सुरुवातीला एकदा बघतात. तो तिपटीच्या वर गेला आणि पुन्हा तपासल्यावरही तसाच राहिला, तर डोस बदलतात किंवा गोळी थांबते. असं शंभरात एखाद्याला होतं. त्रास नसताना ठराविक काळाने ही तपासणी करत राहण्याची शिफारस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्येच काढून टाकली. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आलं म्हणून गोळी बंद करायची नसते.

विसरभोळेपणाची तक्रार काहींनी केली आहे. मोठ्या चाचण्यांत तसा दोष सिद्ध झालेला नाही.

ज्या बायकांना दिवस गेले आहेत, जाण्याची शक्यता आहे किंवा ज्या अंगावर पाजतात, त्यांनी मात्र गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. बहुतेकींना ती थांबवावी लागते.

गोळीच दोषी ठरली, तर

सोडून देणं हा शेवटचा पर्याय. त्याआधीचे, साधारण याच क्रमाने:

- डोस कमी करणं. अर्ध्या डोसलाही फायद्याचा मोठा भाग टिकतो.
- दुसरी स्टॅटिन देऊन बघणं. एक मानवली नाही म्हणून सगळ्या मानवणार नाहीत, असं नाही.
- एक दिवसाआड. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन रक्तात बराच वेळ टिकतात, म्हणून हे जमतं. आणि याच कारणाने त्या सकाळी घेतल्या काय नि रात्री घेतल्या काय, सारखंच.
- इझेटिमाइब १० मिलिग्रॅम, एकटी किंवा छोट्या स्टॅटिनला जोडून. स्नायूंना सहसा त्रास देत नाही.
- बेम्पेडोइक अ‍ॅसिड. गाऊट असेल तर सांगा, यूरिक अ‍ॅसिड वाढतं.
- एलडीएल उतरवणारी इंजेक्शनं. चांगली आहेत, पण महाग. ज्यांना खरोखर दुसरं काही चालत नाही, त्यांच्यासाठी.

पाय दुखू नयेत म्हणून सोबत 'कोक्यू टेन'च्या महागड्या कॅप्सूल घ्याव्यात का, असं विचारतात. ठोस पुरावा नाही. माझ्या दुकानात त्या आहेत, तरी हेच सांगेन.

तुमचा हक्क काय

चिठ्ठी वाचता येईल अशा अक्षरात आणि औषधाच्या मूळ नावाने लिहावी, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ पासून आहे. उपचाराची कागदपत्रं मागितली, तर ७२ तासांत द्यावीत, असाही नियम आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याला कोणाची परवानगी लागत नाही. औषध कुठून घ्यायचं ते तुम्ही ठरवा, दवाखान्याने नव्हे.

अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. तिची कमाल किंमत सरकार ठरवतं. जन औषधी केंद्रात ती ब्रँडच्या मानाने बरीच स्वस्त पडते, औषध तेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार निःशुल्क आहेत, तेव्हा खासगीत पैसे घालण्याआधी उपजिल्हा रुग्णालयात बीपी-शुगरच्या कक्षात विचारून बघा.

औषधाचा त्रास झाला, तर तो तुम्ही स्वतः सरकारला कळवू शकता. डॉक्टरच लागतो असं नाही. केंद्र सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. औषधाचं मूळ नाव, पत्त्यावरचा बॅच क्रमांक, कधी सुरू केलं आणि काय झालं, एवढं जवळ ठेवून फोन करा.

म्हणून पत्ता कापताना बॅच क्रमांकाची बाजू शेवटपर्यंत ठेवा. आणि डॉक्टरकडे जाताना घरातले सगळे पत्ते एका पिशवीत घालून न्या, संपलेलेसुद्धा.